फौजीची सुट्टी आणि एमबीबीएसची हजेरी : एका विद्यार्थिनीचं प्रकरण

मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवते. आमच्याकडे प्रत्येक अध्यापकाकडे काही विद्यार्थी मेंटी म्हणून, म्हणजे मार्गदर्शनासाठी, सोपवलेले असतात. त्यांतल्या एका मुलीचं हे प्रकरण. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या परवानगीने लिहिते आहे. नावं, गाव, पलटणीचा क्रमांक मुद्दाम दिलेला नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

लिहायचं कारण सांगते. नवरा सैन्यात असलेल्या, किंवा सैन्यातल्या मुलाशी लग्न ठरलेल्या मुली आमच्याकडे आता दर बॅचला दिसतात. सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात तर घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत. या मुलींशी बोलताना सगळे एकच गृहीत धरतात, की नवरा लांब आहे, त्याची काळजी वाटते, म्हणून अभ्यास होत नाही. या प्रकरणात मला दिसलं ते वेगळंच होतं. तो सीमेवर असताना ही मुलगी नीट अभ्यास करत होती. घडी विस्कटली ती तो सुट्टीवर आल्यावर.

दोघं कोण

दोघं एकाच तालुक्यातली, अकरावी-बारावीपासून ओळख. मुलगा २०१७ च्या भरतीत निवडला गेला. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला ट्रेनिंग झालं आणि तो पलटणीत गेला. अग्निपथच्या आधीची भरती, त्यामुळे नोकरी कायमची. मुलीने ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा पुन्हा दिली, २०२१ च्या परीक्षेत शासकीय जागा मिळवली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचं पहिलं वर्ष सुरू झालं. २०२४ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या वर्षाची परीक्षा पार पडल्यावर, लग्न झालं. तेव्हा तो राष्ट्रीय रायफल्स या दहशतवादविरोधी दलाच्या टेन्युअरवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर, काश्मीरमध्ये, कुपवाड्याच्या बाजूला होता.

डॉक्टर होणारी मुलगी आणि बारावी झालेला जवान, या जोडीवर दोन्ही घरांत आणि गावात बरीच चर्चा झाली होती. मुलीने ती मनावर घेतली नाही. पण सासरी तिच्यावर एक अदृश्य ओझं होतं. शिकलेली सून आहे, उद्या आपल्या पोराला कमी लेखेल, अशी भीती सासूच्या बोलण्यात असे. पुढे जे ताणलं गेलं त्यात या भीतीचा वाटा मोठा होता.

नेमकं काय झालं

२०२४ च्या दिवाळीला तो मोठ्या सुट्टीवर आला. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. ऐकायला भरपूर वाटते. पण काश्मीरमधल्या पोस्टवरून आठ-दहा दिवसांच्या नैमित्तिक रजेवर घरी येण्यात अर्थ नसतो. पोस्टवरून खाली यायचं, कॉन्व्हॉयची वाट बघायची, जम्मूहून झेलम एक्सप्रेसने पुणं गाठायचं आणि तिथून एसटीने घर. बर्फ पडून साधना खिंड बंद झाली तर निघण्याचाच पत्ता नसतो. म्हणून हे जवान वार्षिक रजेचा मोठा तुकडा एकदम घेतात. त्यानेही चाळीस दिवस घेतले, लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणून.

ते चाळीस दिवस तिच्या तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागाच्या शेवटाकडे येत होते. सकाळी वॉर्डातल्या पोस्टिंग, म्हणजे एकेका विभागातल्या पाळीपाळीच्या ड्युट्या, दुपारी लेक्चर, पुढे प्रिलिम, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेआधीची कॉलेजची परीक्षा. दिवाळीची सुट्टी संपली तशी ती हॉस्टेलवर परतली आणि चौथ्या दिवशी सासूचा फोन आला. तिने मला तो शब्दशः सांगितला होता : “पोरगं तिकडनं जीव मुठीत धरून आलंय, आन् सून होस्टेलात. लोकं काय म्हनत्याल?” ती त्याच रात्री एसटी पकडून गावी गेली. मग दर आठवड्याला तेच. गुरुवारी निघायचं, मंगळवारी यायचं. मैत्रिणी लेक्चरला प्रॉक्सी मारत होत्या. वॉर्डात प्रॉक्सी चालत नाही.

नवराही खूश नव्हता. तिचं लक्ष पुस्तकात आहे असं त्याला वाटे, तिला वाटे की हा सुट्टीवर आहे आणि आपण त्याला वेळ देत नाही. एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि ठरल्या दिवसाआधीच परत जाण्याची भाषा त्याने केली. तो गेला तेव्हा तिची प्रात्यक्षिकांची हजेरी ७० टक्क्यांच्या आसपास आली होती. नियमाने थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के लागतात. डिफॉल्टर यादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा तिचं नाव त्यात होतं. पहिल्या वर्षाला आमच्या कॉलेजात वरच्या दहांत असलेली ही मुलगी.

ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. म्हणाली, “मॅडम, मी एक वर्ष गॅप घेऊ का?”

प्रश्न कुठे अडकला होता

माझी पहिली कल्पनाही सगळ्यांसारखीच होती, की मुलगी नवऱ्याच्या काळजीने खचली असेल. म्हणून मी तिला मागच्या सहा महिन्यांचा हिशोब मांडायला लावला : कोणत्या महिन्यात किती हजेरी, कोणत्या इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, किती गुण, आणि तो तेव्हा कुठे होता. कागदावर चित्र स्वच्छ दिसलं. तो पोस्टवर असताना, कधी कधी तीन-तीन दिवस फोन नसतानाही, तिची हजेरी नव्वदीच्या पुढे होती. सगळी घसरण त्या चाळीस दिवसांतली.

विरहाची सवय त्या दोघांना तो भरती झाल्यापासूनची होती. एकत्र राहण्याची मात्र एकदाही वेळ आली नव्हती. आणि एकत्र राहण्याचे जे थोडे दिवस मिळत होते, त्यांवर तिघांचा हक्क होता : विद्यापीठाचं वेळापत्रक, पलटणीची रजा आणि सासरचे सणवार. यांतलं एकही वेळापत्रक त्या दोघांनी आखलेलं नव्हतं.

गॅपला मी ठाम नकार दिला. वर्ष सोडलं असतं तर काय मिळालं असतं? तो पुन्हा पोस्टवर, ही गावात, आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा तीच ओढाताण, फक्त एक बॅच मागे. कॉलेज बदलण्याचा विचारही तिच्या वडिलांनी बोलून दाखवला होता, पुढे जावयाला पीस स्टेशन, म्हणजे सीमेपासून लांबचं, कुटुंब नेता येणारं ठाणं, मिळालं तर त्याच्या जवळचं कॉलेज घ्यावं म्हणून. पण २०२३ च्या नियमांनी एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला कॉलेज बदलण्याची वाट तेव्हा बंद केली होती. जिथे प्रवेश तिथेच पदवी. हे लग्नाआधी दोन्ही घरांना माहीत असतं तर बरं झालं असतं. फौजेत पीस पोस्टिंग आली की क्वार्टर मिळतो, बायको जाते, संसार सुरू होतो, ही सगळ्यांच्या डोक्यातली पद्धत. शिकणाऱ्या मुलीला ती लागू पडत नाही, निदान पदवी हातात येईपर्यंत.

काय केलं

आधी हजेरी. सूट मिळणार नव्हती, आणि मागायचीही नव्हती. हुकलेल्या पोस्टिंग भरून काढण्यासाठी तिने संबंधित विभागांकडे रीतसर अर्ज केले. दोन विभागांनी संध्याकाळच्या ड्युट्या दिल्या, लॉगबुकवर सही त्या केल्यावरच. तिसऱ्या विभागाने आधी नकार दिला आणि बऱ्याच विनवण्यांनंतर रविवारच्या ड्युट्या लावल्या. परीक्षेला बसण्यापुरतं जमलं, अगदी काठावर.

खरं काम पुढच्या वर्षाच्या रजेचं होतं. फोनवर मी त्या मुलाशी बोलले, तेव्हा एक गोष्ट कळली जी मला आधी ठाऊक नव्हती. तुकडीत रजेचा आराखडा आधीच बनतो, कारण एका वेळी ठरावीक माणसंच बाहेर जाऊ शकतात. जवान आपली पसंती सांगतो आणि मग कंपनी कमांडर आणि साहेब लोक तारखा बसवतात. मराठा पलटणीत गणपती आणि दिवाळी या दोन सणांसाठी झुंबड असते. परीक्षा संपल्यानंतरचे महिने कुणी फारसे मागत नाही. म्हणजे तिच्या वेळापत्रकाला जे दिवस सोयीचे, त्यांच्यासाठी पलटणीत रांगच नव्हती.

मग आम्ही तिच्या पुढच्या वर्षातल्या न हलणाऱ्या तारखा एका कागदावर काढल्या. इंटर्नल, प्रत्येक पोस्टिंगच्या शेवटची वॉर्ड-लिव्हिंग परीक्षा, प्रिलिम, विद्यापीठाची थिअरी आणि प्रात्यक्षिक. विद्यापीठाच्या तारखा पुढेमागे होतात, म्हणून त्यांच्या आजूबाजूचे तीन आठवडेही निषिद्ध ठरवले. उरलेल्या जागा त्याला कळवल्या. त्याने आपल्या सुभेदार साहेबांना सगळं सांगितलं. बायको एमबीबीएस करते हे तोवर त्याने तुकडीत कुणाला सांगितलंच नव्हतं. चेष्टा होईल, असं त्याला वाटत होतं. साहेबांनी कौतुकच केलं आणि दिवाळीच्या बदल्यात एप्रिल-मेची रजा पक्की करून दिली.

दिवाळी सोडायची, हे सासरी सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. ते त्याने स्वतः सांगितलं, हे महत्त्वाचं. तिने सांगितलं असतं तर ‘सुनेने पोराची दिवाळी तोडली’ असंच झालं असतं.

दुसरी गोष्ट राहण्याची. त्याच्या सुट्टीत ती गावी जाणार नाही, तो शहरात येईल, असं ठरलं. कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक खोली महिन्याभरासाठी घेतली. पैसे त्याने दिले. सुट्टीचा पहिला आठवडा आणि शेवटचे काही दिवस तो गावी आईवडिलांकडे, मधले दिवस इथे.

आणि फोन. रोज रात्री नऊला बोलायचंच, हा त्यांचा जुना नेम मी मोडायला सांगितला. पोस्टवर रेंज आणि ड्युटी आपल्या हातात नसते. नऊ वाजून गेले आणि फोन आला नाही की रात्रभर पुस्तक उघडं आणि डोळे मोबाइलवर. त्याऐवजी जमेल तेव्हा त्याने एका शब्दाचा मेसेज टाकायचा आणि बोलणं निवांत वेळ मिळेल तेव्हा. कागदोपत्री एक कामही राहिलं होतं ते त्याने पूर्ण केलं. लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या अधिकृत नोंदीत, झाली होती, पण तातडीच्या संपर्कासाठी अजून आईचाच नंबर होता. तिथे बायकोचा नंबर घातला. काही झालंच तर आपल्याला गावाकडून, चौथ्या माणसाकडून कळेल, ही भीती तिने कधी बोलून दाखवली नव्हती. नंबर बदलल्याचं सांगताना मात्र तिचा आवाज भरून आला होता.

मे २०२५

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तो सुट्टीवर निघाला तेव्हा पहलगाम घडलेलं नव्हतं. २२ एप्रिलला हल्ला झाला तेव्हा तो गावी पोचला होता. काही दिवसांनी शहरातल्या खोलीवर आला.

त्या दिवसांचं वर्णन ती अजूनही आनंदाने करते. सकाळी आठला ती वॉर्डात जाई, तो डबा करून देई. दुपारी आली की तो तिचा पेशंट व्हायचा. खोलीत एकच पलंग होता, त्यावर त्याला उताणं झोपवून, गुडघे दुमडायला लावून ती पोट तपासायची. “पोट सैल सोडा, तोंडाने श्वास घ्या,” असं तिने म्हटलं की तो आणखी ताठ व्हायचा. वर्षानुवर्षं पीटी केलेलं पोट, यकृताची कड काही हाताला लागायची नाही. मग पाठीवर तळहात ठेवून “एक-दोन-तीन म्हणा”. आठवड्याभरात त्याला तपासणीचा क्रम तिच्याइतकाच पाठ झाला. तिने बोटांनी ठोकून बघायचं विसरून थेट स्टेथोस्कोप लावला की तो टोकायचा. केस प्रेझेंटेशनमध्ये क्रम चुकणं हा तिचा जुना दोष होता. तो तिथे सुटला, आमच्या वॉर्डात नव्हे.

७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. दुसऱ्या दिवशी त्याला फोन आला : रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. तिची उन्हाळी सुट्टी लागायला चार दिवस राहिले होते. ज्या सुट्टीसाठी दिवाळी सोडली, खोली घेतली, ती सुरूच झाली नाही. उत्तर आणि पश्चिम भारतातले अनेक विमानतळ बंद होते. तो रेल्वेने निघाला.

ती त्या आठवड्यात स्त्रीरोग-प्रसूती विभागात पोस्टिंगला होती. मी युनिटच्या प्रमुखांना एकांतात कल्पना दिली. दोन पर्याय होते : तिला घरी पाठवायचं किंवा ड्युटीवर राहू द्यायचं. मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “घरी गेले तर दिवसभर टीव्हीसमोर बसेन.” ती लेबर रूममध्येच राहिली. एकटीला ड्युटी लावायची नाही, एवढं आम्ही पाहिलं. ८ मेच्या रात्री वृत्तवाहिन्यांनी ज्या खोट्या-नाट्या बातम्या चालवल्या, त्या ज्या घरांतली माणसं सीमेवर होती त्यांनी कशा सोसल्या असतील, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो. हॉस्टेलच्या मेसमध्ये तोच टीव्ही चालू होता. तिच्या रूममेटने तिचं ताट खोलीत आणून दिलं आणि एक ठरवलं : बातमी फक्त दिराकडून घ्यायची. दीर गावात, त्याचा संपर्क पलटणीतल्या इतर घरांशी. तो दिवसातून दोनदा फोन करील आणि जे खरं कळलं तेवढंच सांगेल.

१० मेला संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. त्याचा मेसेज त्यानंतरही काही दिवस आला नाही. आला तेव्हा त्यात ठरलेला एकच शब्द होता, ‘ठीक’. ती तेव्हा एका बाळंतिणीचा रक्तदाब घेत होती, आणि फोन खिशातच होता. तिने तासाभराने पाहिला.

आखलेली रजा पहिल्याच कसोटीला मोडली, हे मान्य करावं लागतं. कोणताही कागद युद्धाला अडवू शकत नाही. पण या वेळी हजेरीचा एक दिवसही बुडाला नव्हता, वॉर्ड-लिव्हिंग तिने वेळेवर दिली होती. आदल्या दिवाळीत रजा आणि अभ्यास दोन्ही एकमेकांना बुडवत होते. या वेळी नुकसान झालं ते एकाच बाजूचं.

आणखी एक गोष्ट घडली, जी कुणीच आखली नव्हती. उन्हाळी सुट्टी लागल्यावर ती स्वतःहून सासरी गेली. मुलगा नाही, अशा घरात सासूबरोबर राहिली. सासूला रात्री झोप लागत नव्हती, छातीत धडधडायचं. हिने आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहिलं. ते वाढलेलंच होतं, आणि मुलाच्या काळजीच्या कितीतरी आधीपासून असावं. तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेऊन गोळी सुरू केली. सून होस्टेलात काय करते, हे त्या बाईंना त्या वहीतून कळलं असावं. त्यानंतर “लोकं काय म्हनत्याल” हा फोन आला नाही.

आता कुठे आहे

अंतिम वर्ष ती पहिल्या प्रयत्नात पास झाली. उरलेली रजा त्याने विद्यापीठाची प्रात्यक्षिकं संपल्यावरच घेतली. काश्मीरचा टेन्युअर संपवून तो मूळ पलटणीत परतला आहे आणि पलटण पीस स्टेशनला आहे. क्वार्टर मिळू शकतो. ती मात्र इंटर्न आहे, वर्षभरात १५ दिवसांच्या रजेवर, त्याच रुग्णालयात. पुढे शासनाची एक वर्षाची बंधनकारक सेवा. तो पीस स्टेशनला असण्याची दोन-तीन वर्षं नेमकी हिच्या या बंधनांत जाणार.

“तूही आर्मीतच जा की, एएमसीत,” म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय विभागात, असं तिला सगळे सांगतात. माझं मत या जोडप्यापुरतं तरी वेगळं आहे. ती कमिशन घेऊन गेली तर ती ऑफिसर आणि नवरा जवान. फौजेत दोघांचं मेस, राहणं, उठणं-बसणं वेगळं असतं. एकत्र येण्यासाठी उचललेलं पाऊल दोघांमध्ये नवी भिंत घालायचं. नवरा स्वतः ऑफिसर असेल तर हा सल्ला उत्तम आहे, नवरा-बायकोला एका ठिकाणी पोस्टिंग देण्याचा प्रयत्न फौज करते. सल्ला देणारे हा फरक लक्षात घेत नाहीत.

त्यांनी केलेला हिशोब मला पटतो. त्याची पेन्शनला लागणारी १५ वर्षांची सेवा २०३२ मध्ये भरते. तिची इंटर्नशिप, बंधनकारक सेवा आणि नीट पीजीत जागा मिळाली तर तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी, हे सगळं साधारण त्याच सुमाराला संपतं. तेव्हा तो तिशीच्या मध्यावर असेल आणि बाहेर पडायचं की नाही, ते त्यांना ठरवता येईल.

एका बाबतीत मात्र त्यांचं एकमत झालेलं नाही. मूल आता, इंटर्नशिपनंतर लगेच, की पीजीनंतर. त्याला आता हवं आहे, तो पीस स्टेशनला आहे तोवर, बाळंतपणाला आपण जवळ असू म्हणून. तिला पीजीची जागा आधी हवी आहे. दोघांच्याही बाजूला तथ्य आहे, आणि यात मी पडलेले नाही. बंधनकारक सेवेचा आदेश कुठल्या जिल्ह्याचा येतो ते पाहून ठरवायचं, एवढ्यावर सध्या दोघं थांबली आहेत.

आमच्या विभागात या प्रकरणानंतर एक बदल झाला. मेंटीच्या माहितीच्या फॉर्ममध्ये ‘जोडीदार किंवा पालक संरक्षण दलात आहेत का, सध्या फील्ड की पीस, पुढची रजा कधी’ असा रकाना घातला आहे. या वर्षी तो दोघींनी भरला. त्यांतल्या एकीच्या नवऱ्याची रजा प्रिलिमच्या आठवड्यात येत होती. तारखा बदलण्यासाठी त्याने आत्ताच अर्ज दिला आहे.